वारे गेले, की वेळ गेली?

आपल्याकडे माणसाचा एक हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली, की चारचौघे म्हणतात, "अंगावरून वारे गेले." मराठीतल्या काही शब्दप्रयोगांवर माझा जुना राग आहे; त्यांत या प्रयोगाचा नंबर पहिला. वाऱ्याला कोण अडवणार? तो कुठून आला हे विचारायचे नाही आणि कुठे गेला हेही नाही. वारे गेले असे एकदा म्हटले, की घरातल्या प्रत्येकाची सुटका होते: मुलाची, सुनेची, शेजाऱ्याची, डॉक्टरचीसुद्धा. उरतो तो खाटेवरचा माणूस. आणि त्याला बोलताच येत नसल्यामुळे तो तक्रार करीत नाही.

दिवाळी अंकात, चकलीची चव जिभेवर असताना, हा विषय काढला म्हणून काही वाचक नाराज होतील. होवोत. वर्षातून जे चार दिवस पुण्याचा मुलगा, मुंबईची लेक, जावई आणि नातवंडे एका छपराखाली असतात, ते हेच. आणि हा विषय सगळ्यांनी मिळून आजार यायच्या आधी बोलून ठेवायचा आहे. आजार आल्यावर बोलायला बसले म्हणजे काय होते, ते पुढे सांगणारच आहे.

वारेबिरे काही जात नसते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि तिच्या पलीकडचा मेंदू उपाशी मरू लागतो. काही रुग्णांत नळी फुटते आणि रक्त मेंदूत सांडते. तो प्रकार वेगळा, त्याचा उपायही वेगळा. आपल्या वैद्यांनी या रोगाला पक्षाघात म्हटले आणि वाताकडे बोट दाखवले. त्या काळी कवटीच्या आत डोकावायची सोय नव्हती, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अफजलखानाच्या भेटीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १६५८ मध्ये, योहान याकोब वेप्फर नावाच्या स्विस वैद्याने अशा रोग्यांची प्रेते उघडून पाहिली आणि दोष मेंदूच्या रक्तप्रवाहात असल्याचे छापून प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या नळ्यांचे क्षकिरण-चित्र काढले. १९७१ मध्ये इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले, आणि नळी तुंबली की फुटली हे कवटी न उघडता सांगता येऊ लागले. म्हणजे वाऱ्याची सबब सांगायची मुदत संपून पन्नास वर्षे होऊन गेली. आपण मात्र अजून तीच सांगतो आहोत.

मी माधवनगरचा. आमचे गाव सांगलीपासून चार-पाच किलोमीटरवर. एके काळी कापसाच्या गिरणीचे, पुढे यंत्रमागांच्या खडखडाटाचे, आणि कायमचे पेठेचे. सांगलीच्या पुढे मिरज. वॉनलेस साहेबांनी तिथे १८९४ मध्ये इस्पितळ सुरू केले तेव्हापासून कर्नाटकातले, कोकणातले रोगी रेल्वेने मिरजेला उतरत आले; १९६२ पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा आमच्या भागात डॉक्टर नाहीत, दवाखाने नाहीत, अशी सबब चालणार नाही. डोंगरातल्या वाडीवस्तीवर जी अडचण खरी आहे ती माधवनगरच्या माणसाने पुढे करू नये.

मग आमच्याकडे नाही काय? घड्याळ नाही.

खरे म्हणजे ते आहे, पण भलतीकडे लावलेले आहे. कृष्णेला पूर आला की सांगलीतले शेंबडे पोरही आयर्विन पुलाजवळची पातळी सांगते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. दर तासाला किती इंच चढले, कोयनेतून किती सोडले, सगळे तोंडपाठ. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा रात्र रात्र लोक आकड्यांकडे डोळे लावून बसले होते, आणि योग्यच होते ते. पाणी आणखी एक फूट चढण्याआधी म्हातारीला माडीवर न्यायचे असते. पण त्याच म्हातारीच्या मेंदूत गुठळी अडकली, की तीच माणसे म्हणतात, "जरा पडू दे तिला, उठल्यावर बघू."

या पडू देण्याचा हिशेब कॅलिफोर्नियातले डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडून दाखवला. मोठी नळी तुंबली असेल तर सरासरीने मिनिटाला १९ लाख मज्जापेशी मरतात. तासाला सुमारे १२ कोटी. म्हातारपणाने मेंदूची जी झीज होते तिच्याशी तुलना केली, तर उपचाराविना गेलेला प्रत्येक तास मेंदूला ३.६ वर्षांनी म्हातारा करतो. ही सरासरी आहे. कोणाच्या पेशी याहून फार झपाट्याने जातात, कोणाच्या पुष्कळ सावकाश. त्या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझे खरे भांडण तिथेच आहे.

आता उपाय. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिल्यास लाभ होतो, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झाले; तेव्हाची मुदत होती लक्षणे दिसल्यापासून तीन तास. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. पण गुठळी मोठी असेल, मुख्य नळीत पाचरीसारखी बसली असेल, तर पुष्कळदा हे औषध तिच्यापुढे हात टेकते. मग ती ओढूनच काढावी लागते. मांडीच्या सांध्यातल्या रोहिणीतून एक बारीक नळी आत सारतात, ती छातीतून, मानेतून थेट मेंदूपर्यंत नेतात, आणि गुठळीत बारीक तारेची जाळी उघडून किंवा शोषून तिला बाहेर खेचतात. विहिरीत पडलेली घागर गळ टाकून काढतात ना, तसलाच प्रकार. विहीर मात्र काडीएवढ्या रुंदीची आणि घागर काढायला मिनिटे मोजकी.

हा उपाय निघाला तेव्हा तज्ज्ञांनीही त्याला सहजासहजी मान डोलावली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांत त्याचा काही लाभ दिसला नव्हता. जुनी अवजारे, रोग्यांची ढिली निवड आणि उशीर, असे त्या अपयशाचे निदान झाले. २०१५ मध्ये हॉलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि अमेरिका या ठिकाणांहून एकामागून एक पाच चाचण्या आल्या आणि पारडे फिरले. पुढच्या वर्षी त्या पाचही चाचण्यांतले १२८७ रुग्ण एकत्र धरून हिशेब झाला. नुसत्या औषधोपचारावर ठेवलेल्या शंभरांतले सुमारे २६ जण तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करण्याइतके सावरले होते. गुठळी काढलेल्या शंभरांतले ४६. वैद्यकात असा फरक वारंवार पाहायला मिळत नाही.

आणि इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपवणाऱ्यांचा मला वाऱ्यावाल्यांइतकाच राग येतो. शंभरांत ४६ म्हणजे ५४ जण तरीही परावलंबी राहिले किंवा गेले. ही जादू नव्हे. "गुठळी काढली, तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले," अशा फोटोंसह जाहिराती आपण पाहतो. जे चालत गेले नाहीत त्यांचे फोटो कोणी छापत नाही. ज्या घरात आशा फाजील वाढवली जाते, त्या घरात पुढे डॉक्टरांविषयीचा विश्वासही तेवढाच खाली कोसळतो. मग शेजारच्या घरी प्रसंग आला की हेच लोक सांगायला जातात, "काही उपयोग नाही हो, आमचे पैसे पाण्यात गेले."

आमच्या पेठेतल्या एका घराची गोष्ट सांगतो. तीन वर्षे झाली. गृहस्थ सत्तरीच्या आतले, जन्मभर मागवाल्यांचे जमाखर्च लिहिलेले, पैशाची चूक सापडली नाही तर रात्रभर न झोपणारे. एके दिवशी सकाळी सव्वासहाला न्हाणीघरात त्यांच्या हातून तांब्या पडला. उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. बायकोने भिंतीशी टेकवून बसवले. पित्त झाले असेल म्हणून लिंबाचे सरबत पाजायचा प्रयत्न झाला. ते नाकातून बाहेर आले. सात-साडेसातला जवळच्या कोणाला तरी बोलावले. त्याने रक्तदाब पाहिला, "फार वाढलाय" म्हणाला आणि जिभेखाली गोळी ठेवली. मग पुण्याला थोरल्याला फोन. थोरला म्हणाला, "मी निघतोच, मी येईपर्यंत काही करू नका." साडुभाऊ आले. अमुक गावी लकव्याचे तेल मिळते, तीन फेऱ्यांत माणूस उभा राहतो, हे त्यांनी शपथेवर सांगितले. कबुतराचे रक्त चोळायचा सल्लाही एकाने दिला. धाकट्या सुनेने दोनदा म्हटले की दवाखान्यात नेऊ या; ती धाकटी आणि त्यातून सून, तिचे कोण ऐकणार?

दहा वाजून वीस मिनिटांनी रिक्षा निघाली. दहा चाळीसला पहिला दवाखाना. साडेचार तासांच्या मुदतीची तेव्हा पाच मिनिटे शिल्लक होती, आणि त्या खोलीत ही गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून कोणी बोलले नाही. सलाईन लावले. तासाभराने कळले की स्कॅन इथे होत नाही. पंधरा मिनिटांच्या वाटेवर दुसरे रुग्णालय. तिथे पावणेएकला चित्र निघाले. मोठ्या नळीत गुठळी आहे, औषधाची वेळ टळली आहे, गुठळी काढणारे डॉक्टर दोन तासांवरच्या शहरात आहेत, असे सांगण्यात आले. मग गाडी ठरवणे, अनामत रक्कम, सह्या, थोरल्याची वाट. तीन वाजता गाडी हलली, पाचला पोहोचली. तिथल्या डॉक्टरांनी नवे चित्र पाहिले आणि सांगितले, आता आत वाचवण्याजोगे फारसे उरलेले नाही.

ते गृहस्थ जिवंत आहेत. खाटेवर आहेत. कोणी काही विचारले तर "हो" म्हणतात. जेवणार का, हो. दुखते का, हो. मी कोण, हो.

ज्यांनी जन्मभर हिशेब लिहिला त्यांच्या या दिवसाचा हिशेब मीच मांडून पाहिला. सकाळी सव्वासहा ते संध्याकाळी पाच, ६४५ मिनिटे. त्यांतली प्रत्यक्ष रस्त्यावर गेली १५५. घरात गेली २४५, पहिल्या दवाखान्यात ६०, दुसऱ्या रुग्णालयात १८५. म्हणजे ४९० मिनिटे ना रस्त्याने खाल्ली, ना अंतराने. २०२३ मध्ये सांगली-माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा जुना रेल्वेपूल नव्यासाठी पाडला, तेव्हा वळशामुळे वाया जाणाऱ्या मिनिटांची पेठेच्या कट्ट्यावर रोज चर्चा होई. ती मिनिटे खरी होती. पण ती चर्चा ऐकताना मला हे २४५ आठवत. त्यांच्यावर कोणाचा मोर्चा निघाला नाही.

या २४५ मिनिटांत जे जे झाले ते सारे प्रेमापोटी झाले, हे मला मान्य आहे. पण प्रेमाने पाजलेले सरबत गिळता न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाते. जिभेखालच्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळला, तर आडवाटेने जे थोडे रक्त त्या उपाशी भागाला मिळत असते तेही आटते. ॲस्पिरिन द्यावी, तर आत नळी फुटलेली असण्याचा धोका. स्कॅनखेरीज ते कळत नाही. बोटांना सुया टोचून चार थेंब रक्त काढा म्हणजे झटका उतरतो, असा एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. तो पुढे पाठवणारे पदवीधर असतात.

आता त्या फरकाकडे, माझ्या खऱ्या भांडणाकडे येतो. २०१८ मध्ये दोन चाचण्या आल्या. त्यांनी दाखवले की निवडक रुग्णांत सोळा तासांपर्यंत, चोवीस तासांपर्यंतसुद्धा गुठळी काढून लाभ होतो. झाले! "लकव्यावर आता चोवीस तासांपर्यंत उपचार", अशा अर्थाचे मथळे मी वाचले, भाषणे ऐकली. त्यातून लोकांनी घेतला तो अर्थ असा, की आता घाई नाही. आज संध्याकाळी झाले तर उद्या सकाळी जाऊ. सुशिक्षित माणसांच्या तोंडून मी हे ऐकले आहे. बिलाच्या शेवटच्या तारखेसारखी ही मुदत त्यांनी डोक्यात धरली आहे.

मुळात त्या चाचण्यांत झाले काय, ते पाहा. चोवीस तासांच्या चाचणीत रुग्ण होते २०६. उशिरा आलेल्या सगळ्यांना त्यात घेतले नव्हते. स्कॅन करून, लक्षणे मोठी पण मेलेला भाग लहान, अशांनाच निवडले. म्हणजे ज्यांचा मेंदू कित्येक तास उलटल्यावरही बराचसा तग धरून होता असे नशीबवान. पाटाचे पाणी तुटल्यावर एखाद्याच्या उसाला शेजारच्या विहिरीचा पाझर मिळतो आणि तो आठवडा काढतो. दुसऱ्याचे रान दोन दिवसांत करपते. मेंदूचेही तसेच आहे. कोणाला आडवाटेच्या बारीक नळ्यांचा आधार चांगला असतो, कोणाला जवळजवळ नसतो. आपल्या वडिलांचे रान कोणत्या जातीचे, हे घरात बसून कोणालाही सांगता येत नाही. ज्यांचे रान पहिल्या दोन तासांतच करपले ते त्या चाचणीच्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांची मोजदाद त्या आकड्यांत नाही. निवडलेल्यांत गुठळी काढलेल्या शंभरांतले ४९ सावरले, न काढलेल्यांतले अवघे १३. हे आकडे वाचून उशीर चालतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे पुरात रात्रभर झाडाला धरून वाचलेल्या माणसाची मुलाखत वाचून पुढच्या पुरात झाडावर राहायचा बेत करणे.

चोवीस तासांची ती खिडकी कोणासाठी उघडली? रात्री धड झोपला आणि पहाटे लुळा उठला, त्याच्यासाठी. शेतात एकटी पडली आणि दुपारी सापडली, तिच्यासाठी. अशा माणसांना पूर्वी डॉक्टर सरसकट परत पाठवीत. आता स्कॅन पाहून काहींना वाचवता येते. म्हणून तर रुग्णालयात पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचे धड केव्हा पाहिले?" पडलेले केव्हा सापडले, हे नव्हे, शेवटचे धड केव्हा बोलले, चालले, हे. सोबत जाणाऱ्याने तेवढी एक वेळ कागदावर लिहून न्यावी.

पुढे २०२२ मध्ये जपानच्या चाचणीने आणि नंतर आणखी काहींनी, मेंदूचा बराच भाग गेलेला असतानाही गुठळी काढून काही रुग्णांना लाभ होतो, असे दाखवले. जपानात अशा शंभरांतले ३१ निदान आधाराशिवाय चालण्याइतके झाले. न काढलेल्यांत सुमारे १३. आनंद आहे. पण हाही आकडा उद्या मथळ्यात चढेल आणि घरोघरी सावकाशीचा परवाना ठरेल, अशी मला धास्ती वाटते. शंभरांतले उरलेले ६९ कुठे आहेत, ते मथळा सांगणार नाही.

डॉक्टरमंडळी इथवर मान डोलावीत असतील. आता थोडे त्यांच्याकडे वळू. घरातली २४५ मिनिटे आमची. पण पुढची ६० आणि १८५ कोणाची? ज्या दवाखान्यात स्कॅन नाही, त्याने हाताची आणि तोंडाची अवस्था पाहताच, सलाईन लावत न बसता, पुढे फोन करून रोगी पाठवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटे. कॅनडातल्या २०१५ च्या चाचणीत चित्र निघाल्यापासून मांडीत सुई शिरेपर्यंतचा मध्यम काळ ५१ मिनिटे होता. तिथली यंत्रे आपल्याकडेही विकत मिळतात. ५१ मिनिटांची शिस्त विकत मिळत नाही. अमेरिकन अभ्यासकांनी २०१६ मध्ये हिशेब केला, की रुग्णालयाच्या दारापासून रक्तप्रवाह सुरू होईपर्यंतचा वेळ नुसता पाव तासाने कमी झाला, तर हजार रुग्णांमागे ३९ जणांचे अपंगत्व कमी होते, आणि त्यांतले २५ स्वतंत्र जगू शकतात. पाव तास! आपल्याकडे तेवढा वेळ केसपेपरच्या खिडकीवर जातो.

यावर कोणी म्हणेल, मग जवळचे सगळे ओलांडून थेट मोठ्या शहरातच पळावे काय? स्पेनच्या कातालोनियात हाच प्रश्न घेऊन चाचणी केली आणि तिचा निकाल २०२२ मध्ये आला. थेट मोठ्या केंद्रात नेलेले आणि आधी जवळच्या केंद्रात नेलेले, यांच्यात तीन महिन्यांनी म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पण तिथल्या जवळच्या केंद्रांत स्कॅन आहे, औषध आहे, आणि रोगी पुढे धाडायची घडी बसलेली आहे. म्हणजे प्रश्न जवळ की लांब हा नाहीच. आत शिरल्यावर तिथे घड्याळाकडे कोण पाहते, हा आहे. दोन तासांवरचे दक्ष रुग्णालय आणि दहा मिनिटांवरचे झोपाळू रुग्णालय यांत निवड करायची पाळी लोकांवर येऊ नये. त्यासाठी जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे काय होते आणि काय होत नाही, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहावे. दंतवैद्य आपल्या पाटीवर सारे तपशील लिहितो. इथे एवढी लाज का?

गरीब माणसाला हे सांगून काय फायदा, असे मला एका कार्यकर्त्याने विचारले. गुठळी काढण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, हे खोटे नाही, आणि त्याची तरतूद हा सरकारचाच विषय आहे. राज्याच्या आरोग्य योजनेत, जी २०१२ मध्ये जीवनदायी म्हणून सुरू झाली आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते, तीत जवळपासच्या कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार बसतो, हे कार्यकर्त्यांनी आजच विचारून ठेवायचे काम आहे. रोगी दारात आल्यावर नव्हे. पण पहिल्या चार तासांतली चपळाई गरिबालाही फुकट आहे. १०८ या क्रमांकाच्या गाडीला २०१४ पासून पैसे पडत नाहीत. उलट उशीर हीच गरिबाला न परवडणारी चैन आहे. कमावता माणूस खाटेवर पडला की दुसरा कमावता, नव्हे बहुधा कमावती, त्याच्या उशाशी अडकते. त्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा कोणत्याही योजनेच्या यादीत नसतो.

आणि "वय झाले, आता कशाला त्रास" म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की २०१६ च्या त्या एकत्रित हिशेबात ऐंशीच्या पुढच्यांनाही लाभ झालेला होता. म्हातारा गुठळीने शांतपणे मरतो असा ज्यांचा समज आहे त्यांनी आमच्या पेठेत यावे. तो पुष्कळदा मरत नाही. पाठीला जखमा होतात, कूस दुसऱ्याने बदलावी लागते, आणि सगळे कळत असून सांगता येत नाही.

तर भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळणी झाल्यावर आणि पत्ते काढण्याआधी, घरातल्या एकाने फोन हातात घ्यावा. आजोबांना हसायला सांगावे, दोन्ही हात वर धरायला लावावे, आपले नाव-गाव सांगायला लावावे. म्हणजे धड असताना ते कसे दिसतात हे नातवंडांच्या डोळ्यांत राहील, आणि एका बाजूचे हसू मावळले तर पहिल्यांदा ओरडणारे तेच असतील. थोरल्याने सगळ्यांदेखत सांगून टाकावे, की असे काही झाले तर माझ्या फोनची वाट पाहू नका. आणि धाकट्या सुनेला त्याच वेळी सांगावे, की रिक्षा बोलावायचा अधिकार तुझा. मग जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन लावून विचारावे: रात्री दोन वाजता तुमच्याकडे स्कॅन होते का? गुठळी विरघळवायचे औषध कपाटात असते, की चिठ्ठी लिहून बाहेरून आणायला लावता? गुठळी काढणारे डॉक्टर तुमच्याकडे आहेत का. नसतील तर तुम्ही रोगी कुठे पाठवता आणि त्याला किती मिनिटे लागतात? उत्तरे दिनदर्शिकेच्या मागे लिहावीत. जिथे फोन उचलला जाणार नाही, तिथल्या नावापुढे तसेच लिहावे.